पडद्यामागचा हात

प्रेस शॉपमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी जॉब शिकवत नाहीत, हात शिकवतात. भोसरीतल्या एका शेडमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा आमच्या मामांनी (वयानं मोठा ऑपरेटर हा सगळ्या शेडचा मामा असतो) मला मशिनपुढे उभं केलं आणि म्हणाले, "हे बघ बाळा, आधी हात कुठंय ते बघायचं, मग पत्रा. पत्रा उद्या दुसरा येतो." त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपत होती. त्यामुळे आणखी काही सांगायची गरज पडली नाही. पॉवर प्रेसला हातभर अंतरावर दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्लाइड खाली येत नाही, म्हणजे स्ट्रोक पडतो त्या क्षणी दोन्ही हात डायच्या बाहेर असतात. नग वाढवायच्या घाईत कुणी एक बटण कशानं तरी दाबून ठेवतो आणि एक हात मोकळा करतो. बोटं जातात ती तेव्हा.

पुढे मी चाकणला टूलरूममध्ये गेलो, प्रेस सुटलं, सवय सुटली नाही. समोरच्याच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या हातांवर जाते. सिनेमा बघतानाही जाते. म्हणूनच असेल, ज्या चित्रपटाला बहुतेक लोक 'तिसरा भाग' म्हणून बाजूला सारतात तो मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटत आला आहे. १९८६ सालचा 'सायको ३'. प्रमुख भूमिका अँथनी पर्किन्सची आणि दिग्दर्शनही त्याचंच. आयुष्यात पहिल्यांदाच तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला होता.

या चित्रपटाची गोडी लागायची तर आधी एक जुनी गोष्ट ठाऊक असायला हवी. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'मधला न्हाणीघरातला खून ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्यालाही माहीत असतो. शॉवरखाली उभी मॅरियन क्रेन, पडद्यामागून येणारी सावली, उगारलेली सुरी. हा प्रसंग डिसेंबर १९५९ मध्ये सात दिवस चित्रित होत होता आणि त्या सात दिवसांत पर्किन्स तिथं नव्हताच. तो न्यूयॉर्कला एका संगीतिकेच्या तालमीत होता. पडदा सारून आत येते ती मार्गो एपर नावाची स्टंट करणारी बाई. जगानं पर्किन्सच्या हातात जी सुरी कायमची देऊन टाकली, ती त्या न्हाणीघरात त्यानं धरलेलीच नव्हती.

त्याच्या वाट्याला आलं ते नंतरचं काम. खून झाल्यावर पर्किन्सनं रंगवलेला मोटेलवाला नॉर्मन बेट्स धावत येतो, हादरतो आणि मग न्हाणीघर साफ करायला घेतो. हे साफ करणं हिचकॉकनं घाई न करता दाखवलं आहे. तो बादली आणतो, तोच पडदा अंथरून त्यावर प्रेत घेतो. हात धुतो, टब पुसतो, फरशी पुसतो. पर्किन्सचे ते लांब, सडपातळ, थोडे अवघडलेले हात इतक्या मन लावून राबतात की बघणारा नकळत त्याच्या बाजूचा होतो, काही राहून तर गेलं नाही ना अशी आपल्यालाच धास्ती वाटायला लागते. आणि त्या चित्रपटाच्या अगदी शेवटी, कोठडीत घोंगडी पांघरून बसलेल्या नॉर्मनच्या हातावर एक माशी बसते. तो हात हलवत नाही.

तो हात पुढे पर्किन्सच्या आयुष्यावरच पडून राहिला. 'सायको'च्या आधी तो कोवळ्या, लाजऱ्या तरुणाच्या भूमिका करणारा नट होता, १९५६ च्या 'फ्रेंडली पर्सुएशन'साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. 'सायको'नंतर तो युरोपात गेला, १९६१ मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, ऑर्सन वेल्सच्या 'द ट्रायल'मध्ये काफ्काचा नायक झाला. तरी रस्त्यात भेटणाऱ्याच्या लेखी तो नॉर्मनच होता. आपल्याकडे निळू फुल्यांनी हे भोगलं. पडद्यावरच्या पाटलाचा राग बायाबापड्या त्या सज्जन, चळवळीतल्या माणसावर काढायच्या. पर्किन्सनं या ओझ्याशी दोनदा समझोता केला: १९८३ मध्ये दुसऱ्या भागात काम केलं, आणि तिसरा भाग निघाला तेव्हा दिग्दर्शन हाती घेतलं. ज्या खोलीत तो नव्हता त्या खोलीत तो सव्वीस वर्षांनी स्वतःच्या पायानं, सगळ्या चित्रपटाची सूत्रं हातात घेऊन शिरला. तिथं त्यानं काय केलं ते मला सांगायचं आहे.

चित्रपट सुरू होतो तो अंधारात. पडदा काळा, आणि त्यात एका बाईची किंकाळी. देव नाहीच, असं ती ओरडते आहे. मग उजेड होतो. मठ आहे, घंटेचा मनोरा आहे, मॉरीन कॉइल नावाची दीक्षा पूर्ण न झालेली तरुण जोगीण मनोऱ्याच्या कडेवर जीव द्यायला उभी आहे. तिला वाचवायला आलेल्यांपैकी एक वृद्ध जोगीण झटापटीत खाली पडून मरते. बाकीच्या तिला शाप देतात, आणि मॉरीन एक बॅग घेऊन उन्हातल्या वैराण रस्त्यानं चालायला लागते. मनोऱ्यावरून पडणं हे हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ला केलेलं उघड वंदन आहे. मला मात्र त्यातली झटापट आठवत राहते. हात धरायला आलेला हातच कुणाच्या तरी मरणाला कारण होतो, हे चित्रपटानं पहिल्या पाच मिनिटांत मांडून ठेवलं आहे. शेवटाकडे हेच परत येणार आहे.

दुसरीकडे नॉर्मन. त्याचं पहिलं लांबलचक दर्शन होतं ते पक्ष्यांच्या संगतीत. तो मेलेल्या पाखरांत पेंढा भरतो, हा त्याचा जुनाच छंद. पर्किन्स कॅमेरा जवळ नेतो: चमच्यानं भुसा उचलायचा, पाखराच्या पोटात भरायचा. आणि मग त्याच चमच्यानं बिस्किटाला शेंगदाण्याचं लोणी लावून खायचं. किळस येते, पण हा तुकडा किळस आणण्यासाठी घेतलेला नाही. पर्किन्स तो अगदी घरगुती सहजपणे करतो, जसं एकटा राहणारा माणूस सिंकपाशी उभ्यानंच जेवून घेतो. मेलेलं आणि जिवंत यांत या माणसाच्या हाताला फरक उरलेला नाही, एवढं एका चमच्यातून कळतं. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर इथं संगीत वाजलं असतं, चेहऱ्यावर सावली पडली असती. पर्किन्सला ते लागत नाही. नॉर्मनचं घर त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

मॉरीन वाटेत ड्यूक नावाच्या भटक्या तरुणाच्या गाडीत बसते, तो अंगाशी यायला लागल्यावर भर पावसात उतरते, आणि फिरत फिरत नॉर्मनच्याच मोटेलात येते. हे मोटेल ओसाड पडण्याचं कारण १९६० च्या चित्रपटात नॉर्मन स्वतः सांगतो: हमरस्ता दुसरीकडून गेला. आमच्या भागातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दापोडीपासून पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, देहूरोड करत पुढे घाटाकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता एकेकाळी रात्रभर जागा असायचा. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, मुंबईची गाडी किवळ्यापाशी वेगळी व्हायला लागली, आणि घाटाच्या अलीकडच्या कितीतरी ढाब्यांसमोरची ट्रकची रांग विरळ झाली. अंगणातल्या बाजा तशाच, वर लावलेली पिवळी ट्यूब तशीच, गल्ल्यावरचा माणूस रस्त्याकडे बघत बसलेला. तो माणूस खुनी असतो असं मी म्हणत नाही. पण रस्त्यानं टाकून दिलेल्या जागेत एकट्यानं बसून राहिल्यावर आवाज ऐकू येतात, हे मला पटतं.

आणि बॅग घेऊन उतरणारी मॉरीनही ओळखीची वाटते. चाकणला आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात पहाटे उभं राहा. नांदेड, लातूर, बुलढाण्याकडच्या गाड्यांतून पोरं उतरत असतात, पाठीवर एक बॅग, मोबाइलमध्ये कुणा गाववाल्याचा नंबर. खराबवाडीत, मेदनकरवाडीत, नाणेकरवाडीत 'कॉट बेसिस'च्या पाट्या. खोली कुणाची, शेजारी कोण, काही ठाऊक नसतं. कुणीतरी किल्ली देतं आणि त्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. भयपटात लोक अनोळखी ठिकाणी उतरतातच कशाला असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना स्वतःला कधी असं उतरावं लागलेलं नसतं.

मॉरीनला एक नंबरची खोली मिळते. मॅरियनचीच. तिच्या बॅगेवरची आद्याक्षरंही तीच, एम आणि सी. केसही तसेच आखूड, सोनेरी. मोटेलात येण्याआधी जेवणाच्या हॉटेलात तिला पाहताक्षणी नॉर्मनच्या डोळ्यांपुढे जुनं न्हाणीघर येऊन गेलेलं आहे. आता तो भिंतीतल्या भोकातून तिला बघतो, आई त्याला फटकारते (आई म्हणजे त्याच्याच गळ्यातला दुसरा आवाज आणि वरच्या खोलीतलं भुसा भरलेलं प्रेत), आणि मग आईचा झगा, आईचा टोप, हातात सुरी असा तो खोलीत शिरतो. आपल्याला सगळं पाठ आहे. पडदा ओढलेला. पाण्याचा आवाज. हात पुढे होतो आणि पडदा सरकतो.

टबातली मॉरीन आधीच मनगटं कापून घेऊन पडलेली असते. पाणी लाल झालेलं. मारायला आलेला हात सुरीसकट हवेत थांबतो.

इथून पुढची काही क्षणचित्रं मला या सगळ्या चित्रपटमालिकेतली सर्वांत सुंदर वाटतात. रक्त गेल्यानं ग्लानी आलेली मॉरीन वर बघते, आणि तिला दिसते ती कुमारी मेरी. उजेडात न्हालेली, करुणेनं बघणारी, आणि जिथं सुरी आहे तिथं तिला चांदीचा क्रूस दिसतो. देव नाहीच असं ओरडत मठाबाहेर पडलेल्या मुलीला देव दिसतो तो खुनी माणसाच्या अंगावरच्या बायकी झग्यात. हिचकॉकनं त्या आकृतीचा चेहरा काळोखात ठेवला होता. पर्किन्स तो काळोख काढून टाकतो. टोपाखाली नॉर्मनचा चेहरा आहे, गोंधळलेला, पकडला गेलेला. आणि मग तो चेहरा बदलतो. नॉर्मनमुळे मॉरीन वाचते, हॉस्पिटलात पोचते, शुद्धीवर आल्यावर या देवदूताचे आभार मानते.

पर्किन्सनं सव्वीस वर्षांनी त्या न्हाणीघरात जाऊन एक जीव वाचवला. या प्रसंगाचा हाच अर्थ मला लागतो आणि तो लागल्यावर गळा दाटून येतो. नटाला दिग्दर्शन मिळालं की तो स्वतःला जास्त मोठं करतो, क्लोजअप वाढवतो, असा आपला अनुभव. इथं दिग्दर्शक झालेल्या नटानं एवढंच केलं: सर्वांनी त्याच्या माथी मारलेला खून एकदा होऊ दिला नाही. पाण्यात रक्त तेवढंच आहे, सुरी तीच आहे, पडदा तोच आहे. फक्त हात थांबला आहे. प्रेसवर स्ट्रोक अर्ध्यात थांबवता येतो असं कुणी मामांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

इथून चित्रपट प्रेमकथा होतो. नॉर्मन मॉरीनला मोटेलात परत आणतो, राहायला जागा देतो, जेवायला बाहेर नेतो, दोघं नाचतात. नाचताना पर्किन्सचे हात बघा. पन्नाशी उलटलेला माणूस आहे, पण बाईच्या पाठीवर तळहात पुरता टेकवायचा की बोटंच ठेवायची हे त्याला कळत नाही. डायना स्कारविडनं मॉरीन त्याच जातीची केली आहे, अंगाला कुणाचा स्पर्श झाला की आधी आक्रसणारी. या दोघांना एकमेकांचं बरंच काही न सांगता कळलेलं असतं.

ड्यूक मात्र हातानं हिसकावणारा. जेफ फाहीनं तो चांगलाच वंगाळ रंगवला आहे. नॉर्मन त्याला मोटेलात कामावर ठेवतो; त्याच्या खोलीच्या भिंतींवर नागड्या बायकांची कातरलेली चित्रं चिकटवलेली आणि तो दिव्याच्या उजेडात आपल्याच देहावर खूश होऊन बसलेला. या चित्रपटाला देखणेपण कुठून आलं असं विचाराल तर मी अशा खोल्यांकडे बोट दाखवीन. छायाचित्रण ब्रूस सर्टीजचं. काळोखात काम करण्याबद्दल हा माणूस हॉलिवूडमध्ये प्रसिद्ध होता. योगायोग असा की क्लिंट ईस्टवूडनं १९७१ मध्ये 'प्ले मिस्टी फॉर मी' हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला तेव्हाही कॅमेऱ्यामागे सर्टीजच होता, आणि तोही सुरीचाच चित्रपट, नायक स्वतः दिग्दर्शक. नटाला पहिल्यांदा कॅमेऱ्यामागे उभं करताना कुणाचा आधार द्यावा हे कुणाला तरी नीट कळलं असणार. संगीत कार्टर बरवेलचं. पर्किन्सला कोएन बंधूंचा १९८४ चा 'ब्लड सिंपल' फार भावला होता आणि त्या चित्रपटाचा हा तरुण संगीतकार त्यानं इकडे आणला. पहिल्या 'सायको'तल्या बर्नार्ड हरमनच्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांची नक्कल बरवेल करत नाही. त्याच्याकडे एक मंद, प्रार्थनेसारखं गुणगुणणारं काहीतरी आहे, मठातून मॉरीनच्या मागोमाग चालत आल्यासारखं.

मला न आवडणारंही सांगितलं पाहिजे. टेलिफोनच्या काचेच्या खोक्यातला खून आणि मोटेलात गोंधळ घालायला आलेल्या टोळक्यातल्या मुलीचा खून, हे दोन्ही प्रसंग त्या काळच्या बाजाराची मागणी म्हणून आलेले आहेत. त्या दोन मुली मरण्यापुरत्याच चित्रपटात आहेत. न्हाणीघरात हात थांबवणाऱ्या दिग्दर्शकानं त्यांच्यासाठी तो थांबवला नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्याकडे बघताना पर्किन्सची नजरही उसनी होते.

पण त्यातल्या दुसऱ्या मुलीचं प्रेत जिथं लपवलेलं आहे तिथला प्रसंग बघा. मोटेलासमोरची बर्फाची पेटी. प्रेत बर्फाखाली. उकाड्यानं हैराण झालेला शेरीफ हंट चौकशीला आला आहे, पेटीला टेकून बोलतो आहे, आणि बोलता बोलता आत हात घालून बर्फाचा खडा उचलून तोंडात टाकतो. खड्याला रक्त लागलेलं. त्याला कळत नाही. नॉर्मनला दिसतं. कॅमेरा हलत नाही, शेरीफ चघळत राहतो. हा शेरीफ नॉर्मनच्या बाजूचा माणूस आहे, बाकी सगळे संशय घेत असताना त्याची कड घेणारा, आणि त्याच्याच तोंडात तो खडा जातो. चमच्यापासून निघालेला धागा इथं पोचला. नॉर्मनच्या घरचं जो कुणी भोळेपणानं घेईल त्याच्या तोंडी हेच येणार.

ड्यूकला आईचं प्रेत सापडतं, तो पैसे उकळायला बघतो, झटापटीत नॉर्मन त्याला त्याच्याच गिटारनं हाणतो आणि गाडीतून दलदलीकडे नेतो. हा भाग लवकर संपला असता तरी चाललं असतं. खरं लक्ष द्यावं ते जिन्याकडे.

मॉरीनला नॉर्मनचा पूर्वेतिहास कळलेला आहे. ती गेली होती, आणि परत आली आहे. बेट्सच्या घरातल्या त्या प्रसिद्ध जिन्यावर दोघं एकमेकांचे हात धरून उभे आहेत. चित्रपटात पहिल्यांदाच त्याच्या हाताची पकड सैल नाही, बिचकलेली नाही. आणि वरून आईची हाक येते. फक्त त्याचं नाव, कडाडून. तो दचकतो. हात सुटतात. मॉरीन मागच्या मागे कोसळते आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मदनाच्या पुतळ्याचा बाण तिच्या डोक्यात घुसतो.

मदनाचा बाण कुणाला फार सरळसोट वाटेल. मला तो प्रसंग सोसवत नाही तो बाणामुळे नव्हे. सुरी धरलेला हात थांबवणं नॉर्मनला जमलं होतं. धरलेला हात धरून ठेवणं जमलं नाही. खून करायची इच्छा नसताना, प्रेम करत असताना, निव्वळ दचकल्यामुळे माणूस मरतो. मठातल्या मनोऱ्यावर मॉरीनच्या हातून हेच झालं होतं. पर्किन्स तिच्याजवळ धाव घेतो आणि रडतो; मग त्या रडण्याचं रूपांतर आईवरच्या रागात होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे क्षणभर एक असं मूल दिसतं की ज्याला आता कुणीच उरलेलं नाही. पर्किन्स पाच वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. तेही नट होते, ऑस्गुड पर्किन्स. चरित्र आणि भूमिका यांची गाठ घाईनं मारू नये हे मला मान्य आहे, तरी या जागी ती गाठ आपोआप बसते.

नंतर ट्रेसी नावाची पत्रकार घरात येऊन भराभर खुलासा करते: वरचं प्रेत आईचं नाही, एमा स्पूल नावाच्या मावशीचं आहे. दुसऱ्या भागानं घातलेला गुंता सोडवायचा म्हणून हे सगळं. पटकथाकार चार्ल्स एडवर्ड पोग याला ते चुकवता आलं नसणार. मी इथं नेहमी ट्रेसीचे शब्द सोडून नॉर्मनकडे बघतो. अंगावर आईचे कपडे, हातात सुरी, समोर पत्रकार, आणि आईचा हुकूम. हात उठतो, आणि या वेळी तो फिरून आईवरच पडतो. भुसा उधळतो. ज्या हातानं तो भरला होता त्याच हातानं.

आता आपल्याकडचं. आपल्या मराठीत या जातीच्या चित्रपटाशी एका घराचं नाव जोडलेलं आहे, महेश कोठाऱ्यांचं. १९६३ च्या 'छोटा जवान'मधला हा बालनट पुढे स्वतःच्या चित्रपटांचा दिग्दर्शक आणि नायक झाला. १९९३ चा 'झपाटलेला' ज्या 'चाइल्ड्स प्ले'वर बेतला होता त्याचा दिग्दर्शक टॉम हॉलंड. आणि या हॉलंडनंच 'सायको २'ची पटकथा लिहिली होती. म्हणजे बेट्सच्या घरापासून 'झपाटलेला'तल्या तात्या विंचू या बाहुल्यापर्यंत वाट सरळ येते. तात्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा, पण त्या बाहुल्याचे हातपाय, मान, डोळे चालायचे रामदास पाध्यांच्या हातांनी. आमच्या वयाची पोरं त्या बाहुल्याला खरोखर घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचीच नक्कल करायची.

दोघा नट-दिग्दर्शकांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. कोठाऱ्यांनी स्वतःसाठी घेतली ती इन्स्पेक्टर महेश जाधवची भूमिका. दोन भुवयांच्या मधे नेम धरून हे सगळं संपवणारा हात त्यांचा. वीस वर्षांनी, ७ जून २०१३ ला, 'झपाटलेला २' आला, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून, तेव्हाही वर्दी त्यांच्याच अंगावर होती. मधल्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, पहिल्या भागात लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. दुसऱ्या भागात बाहुला लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो, आणि तो मुलगा झाला आहे कोठाऱ्यांचा स्वतःचा मुलगा आदिनाथ. गेलेल्या मित्राच्या जागी आपलं पोर उभं करणं, आणि त्याला वाचवायला स्वतः जाणं. चष्मा लावून अंगावर येणारा बाहुला बघताना मला ते जास्त जाणवत होतं. पर्किन्सचा मुलगा ऑस्गुड यानंही 'सायको २'मध्ये लहानपणीचा नॉर्मन केला होता. पुढे तोही दिग्दर्शक झाला, आदिनाथही झाला. कोठाऱ्यांनी बंदूक घेतली आणि पर्किन्सनं सुरीच घेतली. वर्दी घालून त्याला सहज सुटता आलं असतं. तो आईच्या झग्यात परत गेला.

'सायको ३'ला पहिल्या दोघांइतका प्रेक्षक मिळाला नाही. पर्किन्सनं १९८८ मध्ये आणखी एक चित्रपट केला, दिग्दर्शक म्हणून तो शेवटचा. १९९० मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चौथ्या भागात तो फक्त नट होता. १२ सप्टेंबर १९९२ ला एड्सनं त्याचा मृत्यू झाला, साठ वर्षांचा होता.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो आकुर्डीच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर, सेकंड शिफ्ट करून आल्यावर, घरचे झोपलेले, आवाज अगदी बारीक. आवाज नसल्यामुळे हातच दिसत राहिले असावेत. शेवटच्या प्रसंगाला मी कॅसेट थांबवली आणि मागे नेऊन पुन्हा लावली. शेरीफ नॉर्मनला गाडीत बसवून नेतो आहे. आता तुला ते कधीच बाहेर सोडणार नाहीत, असं काहीसं तो खिन्नपणे म्हणतो. नॉर्मन म्हणतो, पण मी मोकळा होईन. शेवटी एकदाचा मोकळा. आवाजात खरी शांती आहे. काचेतून उजेड येतो आहे. मग कपड्यांतून तो काहीतरी हळूच बाहेर काढतो. वाळलेला, मनगटापासून तुटलेला हात, आईचा म्हणून जपलेला. तो त्याच्यावरून बोटं फिरवतो, मांजराच्या पाठीवरून फिरवावीत तशी, आणि हसतो. माशी बसली तेव्हा जो हात हलला नव्हता तोच हा बोटं फिरवणारा.

मी मोजले, सवयीनं. मागच्या सीटवर माणूस एक आहे, आणि हात तीन.